वाळक्या फांदीचा धनी

रंगीत पक्ष्यांवर लिहायला बसलेली माणसं रंगांपासून सुरुवात करतात. तांबटाच्या बाबतीत ते मला जमत नाही, कारण त्याचे रंग ठाऊक होण्याच्या कितीतरी आधी त्याचा आवाज ओळखीचा झाला होता. बहुतेकांचं असंच होत असावं. उन्हाळ्यातली दुपार चढते, बाकीचे पक्षी चोची वासून सावलीला गप्प बसतात आणि कुठूनसं टुक्, टुक्, टुक् सुरू होतं. एकच सूर, एकच लय, मिनिटाला शंभराच्या वर ठोके. तांब्याच्या पत्र्यावर हातोडी पडत राहावी तसा तो आवाज, म्हणून पक्ष्याचं नाव तांबट. कुणाला त्या आवाजाने दुपारची झोप गोड लागते, कुणाचं डोकं उठतं. मी पहिल्या गटातली.

आवाजाचा माग काढत झाडाखाली जाऊन उभं राहिलं की खरी गंमत सुरू होते. डावीकडून येतोय असं वाटून मान तिकडे वळवावी, तर पुढचा ठोका उजवीकडून. पक्षी जागचा हललेला नसतो. ठोके देता देता तो डोकं या बाजूचं त्या बाजूला वळवत असतो आणि तेवढ्याने आवाजाचा रोख बदलतो. त्यातून चोच बंद. ओरडणाऱ्या पक्ष्याचं तोंड उघडं असणार, अशी आपल्या डोळ्यांची समजूत. तांबट मात्र मिटल्या चोचीने गळा फुगवून आवाज काढतो. प्रत्येक टुक्‌ला गळ्यावरची उघडी कातडी क्षणभर दिसते आणि पुन्हा पिसांत जाते. हे सगळं दाट पानांच्या आड, उंचावर. खालून बघणाऱ्याची फक्त मान दुखते.

हा एकसुरीपणा त्याला परवडतो कसा, याचं एक उत्तर जंगलातच आहे. १९७५ मध्ये पक्षिअभ्यासक यूजीन मॉर्टन यांनी पनामातल्या जंगलांत आणि उघड्या मैदानांत वेगवेगळे ध्वनी वाजवून पाहिले आणि ते अंतरावर किती शाबूत पोचतात हे मोजलं. जंगलात आवाज खोडांवर, पानांवर आपटतो, परत फिरतो, एकावर एक चढतो. भरभर वरखाली होणारी सुरावट तिथे बिघडून पोचते. खालच्या पट्टीतला सरळ सूर टिकतो. तांबटाचा त्या अभ्यासाशी काही संबंध नाही, तो पनामात राहत नाही. पण ते वाचल्यापासून मी त्याच्याकडे गाता न येणारा पक्षी म्हणून पाहणं सोडलं. जिथे तान घेऊन उपयोग नाही तिथे शहाण्याने ठेका धरावा.

आणि तो दिसतो तेव्हा? १५ ते १७ सेंटिमीटरचा जीव. डोकं अंगाच्या मानाने मोठं, शेपूट आखूड, चोच जाड, चोचीच्या मुळाशी राठ केस. कपाळ लालभडक, डोळ्याच्या वर-खाली पिवळे डाग, गळा पिवळा, त्याखाली पुन्हा लाल पट्टा, गालावर काळी रेघ, पाठ हिरवी, फिकट पोटावर हिरव्या रेघोट्या आणि पाय लाल. एखाद्या मुलाने चित्रात असा पक्षी रंगवला असता तर बाईंनी विचारलं असतं, अरे, रंगपेटीतले सगळेच संपवायचे होते का? नर आणि मादी दोघं सारखेच. मोरासारखा एकाने थाट करायचा आणि दुसरीने मळकट कपड्यांत अंडी उबवायची, असा यांच्या घरात भेद नाही. त्यालाही कारण आहे. ते घराशीच निगडित आहे, त्यामुळे घराकडे वळल्यावर सांगते.

तांबट हा एका मोठ्या गोतावळ्यातला धाकटा. या गोतावळ्यात तिसाच्या वर जाती आहेत आणि त्या सगळ्या आशियातल्या. त्यांतल्या थोराडांना आपल्याकडे कुर्टुक म्हणतात. पश्चिम घाटातल्या झाडीत पांढऱ्या गालांचा कुर्टुक आधी एक लांबट र्रर्र काढतो आणि मग कुट्रू-कुट्रू-कुट्रू असा तास न्‌ तास चालतो. एक थांबला की पलीकडच्या झाडावरचा सुरू करतो. गोव्यापासून दक्षिणेकडे त्याच रानात मलबारी तांबट असतो, सगळा चेहरा आणि गळा किरमिजी, ठोका तांबटाचाच पण जरा हलका आणि जलद. हिमालयात यांचा दांडगा भाऊबंद भेटतो, ३२ ते ३५ सेंटिमीटरचा. त्याची लांबवर जाणारी आर्त हाक दरीतून ऐकली की हा फळं खाणारा सुखवस्तू पक्षी आहे यावर विश्वास बसत नाही. सुमात्रा आणि मलय द्वीपकल्पाच्या डोंगरांतला एकजण, चोचीच्या मुळाशी केसांचा झुबका मिरवणारा, चक्क रातकिड्याची किरकिर करतो. तैवानमध्ये तिथल्या जातीला पाचरंगी पक्षी असंच नाव पडलं आहे. मलेशियातल्या सखल वर्षावनात पाच-सहा जाती एकाच जंगलात नांदतात. सगळ्या हिरव्या, सगळ्या उंच झाडांच्या माथ्यावर, आणि डोक्यावरच्या लाल-निळ्या-पिवळ्या ठिगळांच्या मांडणीवरून त्यांना ओळखायचं. तिथले जाणकार ते करत बसत नाहीत. ते डोळे मिटतात आणि ठेका ऐकतात, प्रत्येक जातीचा वेगळा.

गोतावळ्यात एक गट तपकिरी रंगाचाही आहे, पण त्याच्याबद्दल कुणी लेख लिहीत नाही. जगाची रीत आहे.

हिरव्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ते तितकं सरळ नाही. पानांत हिरवं रंगद्रव्य असतं. पक्ष्यांच्या पिसांत ते जवळजवळ नसतं. आफ्रिकेतल्या टुराको पक्ष्यांनी ते मिळवलंय, पण ते अपवाद. बाकीच्या बहुतेक हिरव्या पक्ष्यांचा हिरवा रंग जोडकाम असतो. पिसाच्या आत अतिसूक्ष्म पोकळ्यांची रचना असते, तिच्यातून निळा प्रकाश परततो. त्यावर पिवळ्या रंगद्रव्याचा हात फिरलेला असतो. आपल्या डोळ्याला हिरवं दिसतं. निळं पीस कुटून बारीक केलं तर निळी पूड मिळत नाही, मातकट पूड मिळते, कारण निळा रंग तिथे वस्तू म्हणून नव्हताच, फक्त घडण होती. पिवळ्या आणि लाल रंगाचं गणित आणखी वेगळं. ही कॅरोटिनॉइड द्रव्यं पक्ष्याला स्वतःच्या शरीरात शून्यातून बनवता येत नाहीत. ती खावी लागतात. म्हणजे झाडात तयार व्हायची, फळातून पोटात जायची, रक्तातून फिरायची आणि पीस उगवत असताना त्यात उतरायची. ढोलीतून नुकतं बाहेर पडलेलं तांबटाचं पिल्लू हिरवं-मळकट असतं, कपाळाला लाल नसतं. ते पुढे येतं.

मग खातो काय? हंगामात जे पिकेल ते, मधूनमधून फुलांच्या पाकळ्या, मध, आणि पावसाच्या तोंडावर वाळवीला पंख फुटून ती हवेत उडाली की उडता उडता तीही. पण त्याचं मुख्य खाणं म्हणजे वड, पिंपळ, उंबर, पायर ही मंडळी. शास्त्रीय भाषेत हे सगळे फायकस या एकाच गटातले, अंजिराचे भाऊ. जगभर त्यांच्या साडेसातशेच्या आसपास जाती. ही फळं नसती तर आशियातल्या जंगलांत फक्त फळांवर जगायचं धाडस कुणी केलं असतं असं वाटत नाही. आंबा किंवा जांभूळ वर्षातून एकदा पिकतं. उरलेले दहा महिने काय करायचं, हा फळं खाणाऱ्याचा कायमचा प्रश्न. वडा-उंबरांच्या कुळाने तो सोडवला, आणि तोही पक्ष्यांवर उपकार म्हणून अजिबात नाही.

सोडवला तो एका चिलटाएवढ्या गांधीलमाशीसाठी. उंबर फोडलं की आत किडे दिसतात हे आपल्याला लहानपणीच कळतं आणि बहुतेकांचं उंबराशी नातं तिथेच संपतं. खरं तर गोष्ट तिथे सुरू होते. उंबर हे बाहेरून फळ दिसत असलं तरी आधी तो आतून फुलांनी भरलेला बंद गोळा असतो. टोकाशी एक बारीक वाट. परागकण घेऊन आलेली मादी माशी त्या वाटेने घुसते, घुसताना बहुधा तिचे पंख तुटतात, ती आतल्या फुलांचं परागीभवन करते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढची पिढी आतच वाढते. नरांना पंखच नसतात. ते माद्यांशी समागम करतात, भिंत पोखरून बाहेरची वाट करून देतात आणि जवळजवळ सगळे तिथेच संपतात. माद्या पराग घेऊन उडतात. त्यांच्या हातात फार थोडा वेळ असतो, एक-दोन दिवस. तेवढ्यात त्यांना त्याच जातीचं दुसरं झाड सापडायला हवं, आणि नेमक्या त्या दिवशी त्याचे गोळे परागीभवनाला तयार असायला हवेत. म्हणून या झाडांनी एकाच वेळी बहरायचं सोडून दिलं. हा वड आज पिकेल, पलीकडचा दोन महिन्यांनी, ओढ्यापलीकडचा त्यानंतर. सात-आठ कोटी वर्षं हा व्यवहार चालू आहे असा अंदाज आहे. माशी जगावी म्हणून झाडांनी पाळ्या लावून घेतल्या आणि त्या पाळ्यांवर सगळं रान जेवू लागलं.

रान म्हणजे नुसतं तोंडी लावायला म्हटलं नाही. माइक शॅनहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये जगभरच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा या कुळाची फळं खाणाऱ्या पक्ष्यांच्या आणि सस्तन प्राण्यांच्या १,२७४ जाती निघाल्या. जगातल्या पक्ष्यांपैकी जवळजवळ दहा टक्के जाती. ही फळं फार पौष्टिक असतात असंही नाही, पाणी जास्त, स्निग्धांश कमी. पण त्यांच्यात कॅल्शियम इतर रानफळांपेक्षा बरंच असतं. अंडी घालणाऱ्या जिवाला ते काय उपयोगी पडतं हे वेगळं सांगायला नको.

पिकलेल्या वडाखाली सकाळी उभं राहावं. वरून फळांचे देठ, अर्धी फळं, विष्ठा सतत पडत असतं. बुलबुल, मैना, हळद्या, कोकीळ, खारी, माकडं, धनेश असला तर धनेश. तांबट आकाराने लहान, पण स्वभावाने अजिबात पडखाऊ नाही. आपल्या घोसाजवळ आलेल्या दुसऱ्या पक्ष्यावर तो धावून जातो. याच झाडावर हरियालांचा थवाही असतो, तोही हिरवा, तोही देखणा, तोही पिकल्या फळांवर. खालून बघणाऱ्याला दोघं एकच काम करताहेत असं वाटतं. फ्रँक लँबर्ट यांनी १९८०च्या दशकात मलेशियाच्या जंगलात वडवर्गीय फळं खाणाऱ्या पक्ष्यांचा अभ्यास केला, त्यातून या दोघांतला फरक स्पष्ट झाला. हरियालाची पेषणी, म्हणजे पोटातलं जातं, दणकट असते, तिच्यात खडे असतात, आणि तो फळातल्या मोहरीहून बारीक बिया भरडून पचवतो. म्हणजे झाडाच्या दृष्टीने हरियाल हा फळाचा गिऱ्हाईक नव्हे, बियांचा चोर. तांबट आणि कुर्टुक फळातला गर घेतात आणि बिया शाबूत टाकून देतात, कुठे उंच फांदीच्या बेचक्यात, कुठे खोडाच्या फटीत. वडाला नेमकी तीच जागा हवी असते. जमिनीवरच्या अंधारात उगवण्यापेक्षा दुसऱ्याच्या खांद्यावर उगवणं त्याला मानवतं. पुढे तो त्या दुसऱ्याचं काय करतो हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

हे सगळं रंजक आहेच, पण फळं खाणारे आणि बिया टाकणारे पक्षी रानात पुष्कळ. तांबटाचं वेगळेपण मला विचाराल तर त्याच्या घरात आहे.

तो सुताराचा नातेवाईक. सुतार पक्षी, तांबट, अमेरिकेतले टूकान, मधाची वाट दाखवणारे आफ्रिकेतले पक्षी हे सगळे एकाच मोठ्या गणातले. पायाची दोन बोटं पुढे आणि दोन मागे ही या गणाची खूण. पूर्वी आशिया, आफ्रिका आणि अमेरिका या तिन्ही खंडांतले असे जाड चोचीचे रंगीत फलाहारी पक्षी एकाच कुटुंबात घातले जात. जनुकीय अभ्यासानंतर त्यांची तीन वेगळी घरं झाली, आणि कळलं की अमेरिकेतल्या मंडळींचं टूकानशी असलेलं नातं आपल्या तांबटाशी असलेल्या नात्यापेक्षा जवळचं आहे. असो. मुद्दा सुताराचा. सुतार पक्ष्याचं सगळं शरीर लाकूड फोडण्यासाठी बेतलेलं: छिन्नीचं टोक असलेली चोच, टेकू द्यायला कडक शेपूट, आतले किडे ओढून काढायला लांबच लांब जीभ. तांबटाजवळ यातलं पुरेसं काही नाही. त्याची चोच फळं तोडण्याची आहे. तरी त्याला लाकडातच घर हवं. यावर त्याने काढलेला तोडगा म्हणजे जिवंत, टणक लाकडाच्या वाटेला जायचंच नाही. वठलेली फांदी शोधायची, बुरशीने जिचं आतलं लाकूड आधीच भुसभुशीत केलं आहे. पांगारा, सावर, शेवगा अशी मऊ लाकडाची झाडं त्याला पसंत.

फांदी आडवी किंवा कललेली असली तर भोक हमखास खालच्या बाजूला. पाऊस आत जात नाही आणि वरून चालत येणाऱ्याला दार दिसत नाही. दार दोन बोटं जेमतेम जातील एवढं, अगदी गोल. नर-मादी आळीपाळीने खोदतात. आधी पक्ष्याचं डोकं आत जातं, मग खांदे, मग नुसती शेपूट बाहेर, मग तीही दिसेनाशी होते आणि थोड्या थोड्या वेळाने चोचीत भुसा धरून तोंड बाहेर येतं. भुसा हवेत सोडला की पुन्हा आत. एकदा वाळक्या फांदीखाली मान वर करून बघताना तो भुसा माझ्या डोळ्यांत गेला होता आणि पुढचं सगळं दृश्य पाण्यातून पाहावं लागलं.

या पक्ष्यांच्या विणीचा बारकाईने अभ्यास केरळातल्या पेरियारच्या जंगलात एच. एस. ए. याह्या यांनी केला. तिथे पांढऱ्या गालांच्या कुर्टुकांची वीण डिसेंबरपासून मेपर्यंत चालते. ढोली खोदायला वीसेक दिवस लागतात. साधारण तीन अंडी. दिवसा दोघंही उबवतात, रात्री फक्त मादी. चौदा-पंधरा दिवसांत पिल्लं बाहेर येतात. आणि मग ती ढोलीत ३६ ते ३८ दिवस राहतात.

या शेवटच्या आकड्यापाशी मी जरा थांबले होते. बुलबुलाची अंडी उबायलाही जवळपास कुर्टुकाएवढेच दिवस लागतात, पण त्याची पिल्लं बारा-तेरा दिवसांत घरट्याबाहेर पडतात, अजून धड उडता येत नसतानाच. उघड्या वाटीत बसलेल्या पिल्लाला प्रत्येक दिवस जोखमीचा, त्यामुळे घाई करावी लागते. ढोलीतल्या पिल्लाला ती घाई नाही. भिंती जाड, दार अरुंद, आईबाप दाराशी खारींशी भांडायला तयार. कारण खार अंडी पळवते. सावकाश वाढायची चैन त्या वीस दिवसांच्या खोदकामाने विकत घेतलेली असते. अंडी पांढरीशुभ्र असतात, कारण अंधारात कुणापासून लपायचं? पिल्लं जन्मतात ती उघडी आणि आंधळी, टाचांना जाड खरबरीत गाद्या असलेली, नुसत्या लाकडाच्या जमिनीवर घासून जखमा होऊ नयेत म्हणून. आत गवत नाही, कापूस नाही, खोदताना उरलेला थोडा भुसा एवढंच अंथरूण. सुरुवातीला त्यांना भरपूर किडे भरवले जातात, फलाहार नंतर. वाढत्या अंगाला फळांतलं प्रथिन पुरत नाही.

आणि नर-मादीच्या सारख्या रंगांचं कारणही बरंचसं याच भिंतींत आहे. उघड्यावर अंडी उबवणाऱ्या मादीला भडक रंग महागात पडतात. ढोलीत बसलेल्या मादीचं कपाळ लाल असलं काय नि करडं असलं काय, बघणार कोण? तेव्हा भडक राहण्याची मुभा दोघांनाही.

ढोली फक्त पिल्लांसाठी नसते. ही मंडळी रात्री झोपायलाही ढोलीतच जातात, वर्षभर. आणि तांबट साधारणपणे जुनं घर धरून बसत नाही. पुन्हा खोदतो, त्याच फांदीवर थोडं पुढे, किंवा दुसरीकडे. कितीतरी वाळक्या फांद्यांवर म्हणूनच ओळीने भोकं दिसतात. त्या सोडलेल्या घरांवर रानातल्या अर्ध्या बिऱ्हाडकरूंचा डोळा असतो. दयाळाला ढोली लागते आणि खोदता येत नाही. मैनेचंही तेच, रामगंगेचंही तेच. कुर्टुकाच्या मोठ्या ढोलीवर पोपट येतात, दार जरासं रुंदावून घेतात. वटवाघळं, पाली, मधमाश्या, यादी लांबते. पक्षिशास्त्रात खोदणाऱ्यांचे आणि आयत्या ढोलीत राहणाऱ्यांचे हे संबंध अन्नसाखळीसारखेच मांडून दाखवता येतात. कॅथी मार्टिन आणि जॉन ईडी यांनी १९९९ मध्ये कॅनडातल्या जंगलांसाठी तशी मांडणी केली, आणि त्या जाळ्याच्या एका टोकाला शेवटी खोदणारे मोजकेच पक्षी निघाले. उष्ण प्रदेशातल्या जंगलांत कुजून आपोआप पडलेल्या ढोल्याही भरपूर असतात हे खरं. पण जिथे मोठी म्हातारी झाडं उरलेली नाहीत, तरण्या झाडांचीच गर्दी आहे, तिथे घर बांधून देणारा पक्षी किती मोलाचा होतो याचा हिशेब सोपा आहे.

फक्त त्याला वाळकी फांदी लागते. आणि वाळकी फांदी माणसांना बघवत नाही. झाडाचं सगळं हिरवं असावं, टापटीप असावं, अशी आपल्या डोळ्यांची एक खोड आहे. फांद्या छाटायला आलेल्या एका दादांशी माझं या विषयावर बोलणं झालं होतं.

"ताई, ही मेलेली आहे. ठेवून काय करता? उगाच कुणाच्या डोक्यात पडेल."

"त्याखालून कुणी जात नाही, दादा. वर भोक दिसतंय ना, तिथे पक्षी राहतो."

त्यांनी डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. "मग असं करू, त्याच्या घरापुरती ठेवू, पुढचं टोक काढतो. वजन कमी होईल, फांदी जास्त दिवस टिकेल."

मला हे सुचलं नव्हतं. टोक गेलं, ढोलीचा भाग राहिला. अर्थात प्रत्येक ठिकाणी असं करता येत नाही. रस्त्यावर लोंबणारी फांदी काढावीच लागते, आणि पक्षिप्रेमाच्या भरात कुणाचं डोकं फुटावं असं मी म्हणणार नाही. पण रानात, डोंगरउतारावर, ओढ्याकाठी, जिथे कुणाच्या डोक्याचा प्रश्न नाही तिथेही सरपण म्हणून किंवा साफसफाई म्हणून आधी जाते ती वठलेलीच. मेलेलं लाकूड म्हणजे जंगलातली रिकामी जागा, हा समज वनशास्त्रातही बराच काळ होता. वाळवी, बुरशी, भुंगेऱ्यांच्या अळ्या, त्यांना शोधत येणारे सुतार आणि त्यांच्यामागून हे सगळे, असा सगळा संसार त्या मेलेल्या लाकडावर चालतो.

तांबट बघायची ज्यांची इच्छा आहे त्यांनाही मी वाळकी फांदीच शोधायला सांगते. दुपारी आवाजाच्या मागे धावण्यात अर्थ नाही. सकाळचं ऊन कोवळं असताना तो झाडाच्या सगळ्यात उंच, निष्पर्ण शेंड्यावर येऊन ऊन खात बसतो, बराच वेळ, पिसं साफ करत. तेव्हा ना तो लपतो, ना कुणाची मान फसवतो. कपाळावरचं लाल दुर्बिणीशिवायही कळतं.

असा हा पक्षी. पंख आखूड आणि गोलसर, उड्डाण सरळ आणि छोट्या टप्प्यांचं, रोज रात्री ढोलीत झोपायला परतणारा, दूरच्या प्रवासाची हौस नसलेला. याच कारणाने तो इंग्रज निसर्गअभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस यांच्या नजरेत भरला असावा. जून १८५६ मध्ये वॉलेस इंडोनेशियातल्या बाली बेटावरून शेजारच्या लोंबोक बेटावर गेले. मध्ये एक सामुद्रधुनी, स्वच्छ दिवशी पलीकडचा डोंगर दिसावा एवढीच. बालीत त्यांना तांबटाचे भाईबंद आणि सुतार पक्षी भेटले होते. लोंबोकला उतरल्यावर हे दोन्ही दिसेनात आणि त्यांच्या जागी काकाकुवे आणि मधुभक्षी आले. एवढ्याशा पाण्याच्या दोन काठांवर दोन खंडांचे पक्षी कसे, या प्रश्नातून पुढे जी रेषा आखली गेली तिला आज वॉलेस रेषा म्हणतात. उत्तर पाण्याखाली होतं. हिमयुगांत समुद्र शंभराहून अधिक मीटर खाली गेला तेव्हा बाली जावाला, जावा आशियाच्या मुख्य भूमीला जोडली गेली; तांबटांचे पूर्वज झाडाझाडांवरून तिथवर पोचू शकले. लोंबोकची सामुद्रधुनी खोल, ती तेव्हाही पाण्याने भरलेली होती. जो पक्षी उघड्या पाण्यावरून जात नाही त्याच्यासाठी जग तिथे संपलं.

इतकं नीटनेटकं उत्तर मिळालं की मला संशय येतो, आणि तांबट तो खराही ठरवतो. फिलिपिन्समधलं लुझोन बेट हिमयुगातही आशियाला जोडलेलं नव्हतं. सगळ्या बाजूंनी खोल समुद्र. या गोतावळ्यातल्या तिसाहून अधिक जातींपैकी फिलिपिन्समध्ये एकच आहे, आणि ती म्हणजे आपला तांबट. इतकंच नाही, १७७६ मध्ये फिलिप लुडविग स्टाटियस म्यूलर यांनी त्याला शास्त्रीय नाव दिलं ते लुझोनच्या पक्ष्याच्या वर्णनावरून. पाकिस्तानपासून इंडोनेशियापर्यंत पसरलेल्या पक्ष्याची कागदावरची पहिली ओळख त्या बेटावरची, जिथे नियमाप्रमाणे तो असायलाच नको होता. दांडगे कुर्टुक अलीकडच्या काठावर राहिले आणि हा एवढासा पलीकडे गेला. वादळाने नेला असेल, बेटाबेटांवरून टप्पे घेत गेला असेल. माझी आपली कल्पना अशी की एखादा पूर आला, काठावरचं वठलेलं झाड समुद्रात गेलं आणि ढोलीत झोपलेलं जोडपं त्याच्याबरोबर. हिला पुरावा शून्य. कुणी गंभीरपणे घेऊ नये. कसाही गेला असो, पोचल्यावर त्याला फार शोधाशोध करावी लागली नसणार. वडा-उंबराच्या कुळातली झाडं लुझोनवरही होती, आणि झाडं आहेत तिथे फांद्या वठतातच.